लिनक्सच्या इतक्या डिस्ट्रो कशाला, सगळे मिळून एकच ओएस का बनवत नाहीत?

तुमचं म्हणणं असं की शेकडो डिस्ट्रो (म्हणजे उबंटू, मिंट, फेडोरा अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या) काढण्यापेक्षा सगळ्यांनी एकत्र येऊन एकच बनवली असती तर विंडोजचा बाजार उठला असता. मी सोलापुरात नवी पेठेत कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो, त्यामुळं गिऱ्हाइकं पण हेच विचारतात.

पहिली गोष्ट, एकत्र या म्हणून सांगणार कोण? कोड ओपन आहे, पटलं नाही की माणूस उचलतो आणि वेगळी चूल मांडतो, लायसन्सच तसं आहे. कंपन्यांनी करून बघितलंय हे. २००२ मध्ये सुसे, टर्बोलिनक्स, कोनेक्टिव्हा आणि काल्डेरा या चौघांनी मिळून युनायटेडलिनक्स काढलं, सगळ्यांचा पाया एकच ठेवायचा म्हणून. पुढच्याच वर्षी काल्डेरा, तोवर तिनं नाव बदलून एससीओ केलं होतं, लिनक्सवरूनच आयबीएमला कोर्टात घेऊन गेली 😄 मग कसली एकी.

आणि फुटल्यानं नुकसानच होतं असं पण नाही. लिनक्ससारखीच ओपन कोडची दुसरी ओएस आहे नेटबीएसडी. तिच्या टीमशी थिओ डी राट या प्रोग्रॅमरचं बिनसलं, त्यानं १९९५ मध्ये वेगळं ओपनबीएसडी काढलं, आणि त्याच टीमनं १९९९ मध्ये ओपनएसएसएच दिलं, म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, जे आज बहुतेक सगळ्या लिनक्स सर्व्हरवर चालतं.

उलट जिथं एकी पाहिजे होती तिथं ती झालीय, फक्त ती दिसत नाही. कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, सगळ्यांचा एकच. आता आपल्या मराठीचंच बघा, स्क्रीनवर 'क्ष' किंवा 'र्‍या' नीट जोडून दिसायला एक इंजिन लागतं. मूळ कोड फ्रीटाइप या फाँटच्या प्रोजेक्टचा, तो जीनोम डेस्कटॉपकडच्या पँगोनं वेगळा घेतला, केडीई डेस्कटॉप ज्यावर बनतो त्या क्यूटीनं वेगळा घेतला, दोघं आपापलं दुरुस्त करत बसले. नंतर दोन्ही एकत्र करून हार्फबझ झालं आणि आता फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड सगळीकडं तेच आहे, म्हणजे जोडाक्षराची चूक एका जागी सुधारली की सगळीकडं सुधारते. मिंट वापरा नाहीतर फेडोरा, मराठी सारखंच दिसणार.

खरी बोंब आहे ती पॅकेजिंगची, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची फाइल प्रत्येकाची वेगळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात लेबल प्रिंटर जोडायचा होता, मशीनवर फेडोरा आणि प्रिंटरवाल्या कंपनीनं ड्रायव्हर दिला नुसता डेब फाइलमध्ये, जी उबंटू-मिंटला चालते, फेडोराला पाहिजे आरपीएम. आतल्या फाइली त्याच की बे, फक्त डबा वेगळा! शेवटी फाइल फोडून आतलं फिल्टर आणि पीपीडी (ड्रायव्हरच्या कामाच्या दोन फाइली) हातानं जागेवर टाकलं तेव्हा लेबल निघालं, मालक आपला घड्याळ बघत उभा. फ्लॅटपॅक आलं हे वेगळं वेगळं पॅक करणं थांबवायला, तर उबंटूचं परत स्नॅप वेगळंच, आणि ड्रायव्हरला दोन्हीचा तसा उपयोग नाहीच. इथं मात्र एक व्हायलाच पाहिजे, डेस्कटॉप दहा असले तरी चालतील.

स्वतःसाठी विचारत असाल तर डिस्ट्रो निवडत बसू नका, मिंट घ्या, आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय आणि प्रिंटर चालतोय का बघा, मगच विंडोज उडवा. टॅलीवर धंदा असेल तर मात्र उडवू नका, टॅली विंडोजचंच आहे.