जलपर्णीला औषध विचारू नका

पाऊस ओसरला की तळ्यांविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीवर असतात. ती जलपर्णी. म्हणून यंदा तिच्यावर सविस्तर लिहिते, बाकीचं आटोपशीर.

प्रश्न (नंदगड): देवळाच्या तळ्यातली फुलं कमळाची की कुमुदाची, कसं ओळखायचं?
पान बघा. देठापर्यंत चीर गेलेलं, पाण्यावर पसरलेलं पान असेल तर कुमुद. चीर नसलेली गोल, पाण्याच्या वर उचललेली पानं असतील तर कमळ.

प्रश्न (निपाणी): गावतळं जलपर्णीनं भरलंय. दुकानदार म्हणतो, टू-फोर-डी हे तणनाशक मारा, पंधरा दिवसांत साफ. मारावं का?
नाही. पहिली गोष्ट, तुमच्याकडे तंबाखू आहे. टू-फोर-डी रुंद पानाच्या पिकांना मारतं आणि त्यात तंबाखू फार नाजूक. वाऱ्यानं उडालेला फवारा किंवा त्याच तळ्यातून उपसलेलं पाणी शेजारच्या शिवारात गेलं तर भांडण पंचायतीत येईल, तेव्हा दुकानदार साक्षीला येणार नाही. भातात किंवा उसात चालणारं औषध म्हणजे तळ्यात चालणारं औषध नव्हे.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. फवारणीनं जलपर्णी मरते, पण जागच्या जागी कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. तिनं शोषलेलं नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यातच उतरतं आणि गाळातलं बी तर वीसेक वर्षंही रुजायची वाट बघू शकतं. म्हणजे पुढच्या हंगामात तेच तळं, तीच जलपर्णी आणि नवी बाटली.

ती येते कशावर? गटारावर. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती आपल्याकडे एवढी माजते, कारण आपण तिला सांडपाणी, साबणाचा फेस आणि शेतातून वाहून आलेलं खत वाढतो. बेळगावचा बळ्ळारी नाला बघा. शहराचं सांडपाणी त्यात, त्यावर जलपर्णी, आणि पाऊस झाला की तुंबलेलं पाणी शहापूर-वडगावच्या भातात. यंत्रं आठवतात तीही नाला भरल्यावर! काढायची वेळ उन्हाळ्याची असते, पाणी खाली गेलेलं असताना आणि फुलं धरायच्या आत. उबदार, सकस पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. कोपऱ्यात गुंठाभर राहू दिलीत तर दोन महिन्यांत सोळा गुंठे. काढलेला ढीग काठावर टाकू नका, पहिल्या वळवात परत आत जातो. गटाराचं तोंड वळवण्याविषयी पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, लेखी अर्ज द्या आणि काढणी कशी करायची ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा.

प्रश्न (कडोली): जलपर्णी खाणारे भुंगे असतात म्हणे?
असतात. 1980च्या दशकात बंगळूरच्या संशोधकांनी ते देशात सोडले. पण त्यांना काही वर्षं लागतात आणि गटारावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगानं वाढते. स्वतः कुठून आणून सोडू नका, आधी तज्ज्ञांना तळं दाखवा.

प्रश्न (चिक्कोडी): म्हशींना वैरण म्हणून चालेल का?
तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, पोट भरेल, अंगी लागणार नाही. शिवाय सांडपाण्यातले जड धातू ती मुळांत साठवते. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय घालू नका. खत करायचं असलं तरी नाल्यावरची नको.

प्रश्न (संकेश्वर): तळं स्वच्छ करणाऱ्या जीवाणूंची पावडर घ्यावी का?
गटार सुरू असताना घेतलीत तर विकणाऱ्याचं भलं होईल.

प्रश्न (हुक्केरी): शेततळ्यात पाणवेल दाट झालीय, पहाटे मासे मरतात. सगळी काढू?
सगळी नको. पाण्याखालची झाडं दिवसा प्राणवायू देतात, रात्री मात्र तीही माशांबरोबर तो वापरतात, म्हणून पहाटे सर्वांत कमी उरतो. पण हीच झाडं गाळ धरून ठेवतात, पिलांना आडोसा देतात. थोडी थोडी विरळ करा, उपटलेली पाण्यात कुजू देऊ नका. मासे का मेले हे मात्र पत्रावरून सांगता येत नाही. उजाडायच्या आत पाण्यातला प्राणवायू तपासायला मत्स्य खात्याला बोलवा, चार दिवसांनी नव्हे.

प्रश्न (कणकुंबी): ओढ्यातल्या खडकांना शेवाळासारखं काहीतरी चिकटलंय, पाणी उतरल्यावर त्याला बारीक फुलं येतात. घसरायला होतं, खरवडून टाकू?
हात लावू नका! शेवाळाला फुलं येत नाहीत. तुम्ही सांगता त्यावरून ती सह्याद्रीतल्या वाहत्या पाण्याची फुलझाडं दिसतात. पावसात धारेखाली खडकाला घट्ट चिकटून वाढायचं, पाणी उतरलं की घाईनं फुलून बी टाकायचं, असं त्यांचं वर्ष. पाणी अडून संथ झालं आणि खडकावर गाळ बसला की ती टिकत नाहीत. तुमच्याकडे बंधाऱ्याचा ठराव आहे असं पत्रात शेवटी लिहिलंत, ते खरं तर आधी लिहायचं. जागा नक्की होण्यापूर्वी वनखात्याला आणि एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला ते खडक दाखवा. बंधारा थोडा खाली सरकवता येतो, ही झाडं सरकवता येत नाहीत.