गुन्ह्याचा आकडा कुठून निघतो, ते आधी बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. सीमाभागातले गुन्हे, हिंसा आणि त्यातला स्त्री-पुरुष फरक हा विषय तू घेतलास आणि तो बेळगाव, खानापूर, निपाणीत राहून करणार आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडं या विषयावर भाषणं भरपूर होतात. वही घेऊन उंबऱ्यावर बसणारं माणूस क्वचित भेटतं.

पण पहिल्याच पानावर तू उद्देश लिहिलायस, ‘पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक गुन्हे का करतात, याची कारणं शोधणे’, आणि त्याखाली पोलिसांच्या नोंदींचं कोष्टक. माझं म्हणणं या दोन ओळींच्या मधल्या जागेबद्दल आहे.

फरक खरा आहे, त्याबद्दल वाद नको. देशातल्या कैद्यांत बायका 4 टक्क्यांच्या आसपास आहेत. खून आणि गंभीर मारहाण यांत जगात कुठंही पुरुषच बहुसंख्येनं दिसतात. 1950 च्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलामुलींना नाव न लिहिता स्वतःच्या चोऱ्यामाऱ्या लिहायला लावण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा दिसलं की किरकोळ गोष्टींत मुलंमुली पोलिसांच्या आकड्यांत दिसतात त्यापेक्षा बरीच जवळ आहेत. गंभीर हिंसेत मात्र अंतर टिकून राहतं. म्हणजे दरीचा काही भाग वागण्यातून आलेला असतो आणि काही भाग कागदातून. तुझं खरं काम हे दोन भाग वेगळे करण्याचं आहे. त्यासाठी कागद कसा तयार होतो ते तुला माहीत हवं.

ठाण्यात एफआयआरच्या नोंदींबरोबर यूडीआरच्याही फायली असतात. अनैसर्गिक मृत्यूची नोंद. विहिरीत पडली, विष प्यायली, स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळं तिथं. तू आराखड्यात फक्त एफआयआर घेतलेत. आपल्या भागातल्या वर्तमानपत्राचं आतलं पान उघडून बघ: ‘पोटदुखीला कंटाळून विवाहितेने विष प्राशन केले.’ वर्षानुवर्षं हीच ओळ. एवढ्या बायकांचं पोट इतकं का दुखतं, याची चौकशी कुणी करत नाही. माहिती देणारा बहुतेकदा घरातलाच, नवरा किंवा दीर. कधी माहेरचा बापसुद्धा तेच सांगतो, कारण धाकटीचं लग्न व्हायचं असतं. ती ओळ ठाण्यातून जिल्ह्याला, तिथून राज्याला आणि शेवटी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात पोचते आणि ‘आजारपण’ या रकान्यात बसते. त्या अहवालात कारणांमध्ये ‘कौटुंबिक समस्या’ पहिलं आणि ‘आजारपण’ दुसरं. 2022 च्या अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी आहेत. आता हिंसेचं कोष्टक मांडताना या बायका कुठं धरणार आहेस?

लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर पंचनाम्याला तहसीलदार येतो, हुंडाबळीचं कलम लागू शकतं. आठव्या वर्षी तेच घर, तीच विहीर, पण ते कलम लागत नाही. छळाचं कलम लागू शकतं, पण त्याला तक्रार करणारं माणूस लागतं. म्हणून दोन तालुक्यांच्या यूडीआर फायली बघच. बेळगाव शहरासाठी पोलीस आयुक्तांची आणि बाकी जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षकांची लेखी परवानगी लागेल. आयुक्तालय 2014 मध्ये झालं, त्यामुळं शहर आणि जिल्हा यांचे आकडे तेव्हापासून वेगळ्या ओळींत आहेत. मागच्या वर्षांशी तुलना करताना हे विसरलीस तर जिल्ह्यातले गुन्हे एकदम घटल्यासारखे दिसतील. 1 जुलै 2024 पासून छळाचं 498अ हे कलम जाऊन भारतीय न्याय संहितेतली 85 आणि 86 ही कलमं आली, तिथंही मालिका नीट जोडून घे. आणखी एक. राष्ट्रीय अहवालात एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. मारहाणीचा शेवट खुनात झाला, की आधीची सगळी मारहाण मोजणीतून गळते. हे सगळे कागद कानडीत आहेत. तुला बोलायला येतं, पण हवालदाराचं हातचं लिखाण वाचायला शीक, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नकोस.

सीमेचा मुद्दा तू भाषा आणि राजकारणापुरता ठेवलायस. तुझ्या विषयाला सीमा त्याहून खोलवर भिडते. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या मुली कर्नाटकातल्या बेळगाव-खानापुरात दिलेल्या, निपाणीच्या कागलला. मार खाऊन पोरगी माहेरी येते ती राज्य ओलांडून. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं की सासर सोडून ती जिथं आसऱ्याला गेली, तिथंही छळाची तक्रार देता येते. म्हणजे मार कर्नाटकात बसला तरी नोंद महाराष्ट्राच्या खात्यावर पडू शकते. नुसत्या बेळगाव जिल्ह्याच्या आकड्यावर तू बेळगावच्या नवऱ्यांविषयी निष्कर्ष काढलास तर चंदगड ठाण्यातल्या फायली त्यातून सुटतील. त्यात आपल्याकडं मामाच्या घरी दिलेल्या मुली कितीतरी. सासू म्हणजे मामीच. तिच्यावर तक्रार द्यायची म्हणजे आईच्या माहेराशी कायमचं तोडायचं.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी नवऱ्याची हिंसा कधी ना कधी सोसलेल्या कर्नाटकात 44.4 टक्के, महाराष्ट्रात 25.2 टक्के. दोन्ही राज्यांतलं काम कोरोनाच्या आधीचं. कर्नाटकाचा आकडा आधीच्या फेरीत 20.6 होता. दूधगंगा नदीच्या अलीकडचा, म्हणजे निपाणीकडचा नवरा पलीकडच्यापेक्षा पावणेदोन पट मारतो, असं तुला वाटतं का? आणि चार-पाच वर्षांत मारहाण दुप्पट होते का? मला तरी वाटत नाही. सांगण्यात फरक पडला असेल, विचारण्यात पडला असेल, थोडा वागण्यातही असेल. निपाणी आणि कागल, दोन्हीकडं विडी वळणाऱ्या, तंबाखूत राबणाऱ्या, एकमेकींच्या नात्यातल्या बायका. एकाच माणसानं एकाच पद्धतीनं दोन्हीकडं विचारलं तर काय निघतं, हे शोधायला तुझ्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला मिळणार? तुझा प्रबंध इथं उभा राहू शकतो.

विचारायचं कसं, ते एका प्रसंगावरून सांगते. निपाणीत एका सोप्यावर बसले होते. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हात थांबत नव्हता. माझ्याबरोबरच्या मुलीनं सरळ विचारलं, “नवरा मारतो का हो?” “नाही ओ, तसलं काय नाही आमच्यात.” थोड्या वेळानं मी एकेक विचारत गेले. कधी ढकललं? हात पिरगळला? केस धरून ओढलं? तशी ती म्हणाली, “ते होय? ते असतंय की. मारणं म्हणजे रक्त आल्यावर.” हात तेवढ्यात थांबला, कारण सासू दारात आली होती. मी लगेच धाकट्याच्या शाळेचं विचारलं आणि बाकीचे प्रश्न त्या दिवशी सोडून दिले. राष्ट्रीय सर्वेक्षणातही असंच एकेक कृत्य विचारतात, एका घरात एकाच बाईला विचारतात आणि आडोसा मिळाला तरच विचारतात. हे तिन्ही नियम तू पाळ. तिथं हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. तुझ्यापाशी बोलणारी बाई कदाचित पहिल्यांदाच बोलत असेल. तिच्या हातात छापील पत्रक देऊ नकोस, ते घरात सापडतं. 181 हा नंबर आणि जवळचं सांत्वन केंद्र (अडचणीतल्या बायकांना मदत करणारं) तोंडी सांग.

तू जोडलेली प्रश्नावली अमेरिकन आहे. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांची ती मोजपट्टी 1979 मध्ये आली आणि तिनं मोठा वाद उभा केला, कारण तिच्या हिशेबात बायकाही जवळजवळ नवऱ्यांइतक्याच हात उगारतात असं दिसत होतं. पट्टी कृत्यं मोजत होती. आधी कुणी मारलं, भीती कुणाला वाटली, दवाखान्यात कोण गेलं, हे ती विचारत नव्हती. दुखापत आणि भीती विचारायला लागल्यावर चित्र बदललं. कृत्यांची यादी ठेव, पण प्रत्येकाला या तीन गोष्टी जोड. बायका कधीच हात उचलत नाहीत, असं आधीच ठरवून मात्र जाऊ नकोस. सुनेला चटका देणारी सासूही तुला भेटेल आणि नवऱ्याला उलट मारणारी बायकोही. दोघींचं नीट लिहून घे. 498अ च्या एफआयआरमध्ये सासू-नणंदांची नावं असतात, त्यामुळं ‘स्त्री आरोपीं’च्या आकड्यात त्या किती, हे वेगळं काढ.

मुलांविषयी. शहराकडच्या पोरांचा पहिला गुन्हा काय असतो, हे ठाण्यात विचार. तलवारीनं केक कापून टाकलेला व्हिडिओ, स्टेटसवरून झालेली हाणामारी, मिरवणुकीत झालेली ढकलाढकली. सीमाप्रश्नाच्या आंदोलनातले गुन्हेही ‘दंगल’ याच सदरात जातात. त्या पोराला आणि चाकू मारणाऱ्याला एका रकान्यात घालू नकोस. एखाद्या वस्तीतली पोरं चोरी झाली की आधी उचलली जातात, हेही तुला दिसेल. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा 1952 मध्ये गेला. सोलापूर-हुबळीत तारेच्या कुंपणात ठेवलेल्यांच्या वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. अटकेचा आकडा पोलिसांच्या वर्तनाचाही आकडा असतो. जात हे कारण म्हणून कोष्टकात घालशील तर मी त्या पानावर सही करणार नाही.

आणि मुली? सोळा-सतराची मुलगी घर सोडून मुलाबरोबर गेली की मुलावर अपहरण आणि पोक्सो (अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), मुलगी बालिकागृहात किंवा मामाकडं, आणि वर्षाच्या आत लग्न. त्याची शिक्षा ठाण्यात होते, तिची घरात. मुलींचे गुन्हे कमी दिसण्याचं एक कारण हे की त्यांचा न्यायनिवाडा भावकीतच उरकतो. समाजशास्त्रज्ञ जॉन हॅगन यांनी 1980 च्या दशकात कॅनडातल्या टोरोंटोच्या मुलांवरून मांडलं की मुलींवर घराचा पहारा अधिक, म्हणून त्या कमी बहकतात. ती मांडणी वाच, पण इथं तपासून बघ. इथं आई दिवसभर उसात भांगलायला असते, तरी पहारा ढिला पडत नाही, कारण तो भाऊ, चुलता आणि अख्खी गल्ली करते. डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होस वंटमुरीत काय झालं ते तुला ठाऊक आहे. मुलगा एका मुलीला घेऊन गेला आणि मुलीकडच्यांनी त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, बघत राहिलेल्या गावाबद्दलही कडक शब्दांत बोललं. मुलानं केलेल्या गोष्टीची भरपाई आईच्या शरीरावर का वसूल होते, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात कुठंच नाही. तो यायला हवा.

अठराच्या आतल्या मुलामुलींशी बोलण्याआधी मात्र पोक्सोचं 19 वं कलम वाच. लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, संशोधक म्हणून सूट नाही. हे मुलांना बोलणं सुरू होण्याआधीच, त्यांना समजेल असं सांग. ‘काहीही सांग, माझ्यापाशीच राहील’ असं वचन चुकूनही देऊ नकोस. बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाखाली ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि गाव लहान असलं की आडनाव न लिहिताही ओळख पटते. वहीत गावांना सुरुवातीपासूनच सांकेतिक अक्षरं दे.

नमुना कमी कर. कॉलेजातल्या मुलांची प्रश्नावली काढून टाक, त्याजागी निपाणीची एक गल्ली आणि कागलची एक गल्ली घे. साखर कारखाने सुरू असताना उसाकडच्या बायका सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी चैत्र-वैशाख ठेव. विडीची घरं बारा महिने उघडी असतात, तिथून सुरुवात कर. दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, पुरुष घरात नसतात. पहिले दोन आठवडे काही विचारू नकोस, विड्यांचे कट्टे बांधायला मदत कर. उद्देशाची ओळ आणि प्रश्नावली बदलून पाठव, परवानगीच्या अर्जाचा मसुदा मी कानडीत करून ठेवते.

तुझी,
बाई