सूचना पाठवा, पण लेखाशीर्ष लिहून

राज्याची तूट कमी करायला तुम्ही आमदारांचं पेन्शन, व्यवसाय कर, गाड्या, सत्कार, रस्त्यावरचे दिवे अशा सूचनांची लांबलचक यादी सरकारला पाठवली आणि उत्तर काय आलं, तर ‘आपले निवेदन संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे’. वाचून हसू आलं आणि रागही. अगदी हेच वाक्य असलेला कागद माझ्या फायलीत आहे.

मी अर्थतज्ज्ञ नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. खासगी नोकरीत आयुष्यभर हिशेब पाहिले, म्हणून आकडे वाचायची खोड आहे. चूक असेल तर जाणकारांनी कान धरावा.

तुमच्या यादीतला निम्मा भाग मी काढून टाकेन. २०२५-२६ च्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता, म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. आमदारांचं पेन्शन बंद करा, मीही टाळ्या वाजवीन, पण या रकमेत ते शोधूनही सापडणार नाही. व्यवसाय कर वाढवा म्हणता, तर राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेताच येत नाही. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, ते त्यामुळेच. आणि जीएसटीचा दर राज्य एकट्याने ठरवत नाही. उरतं मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहन कर वगैरे. उलट, लाडक्या बहिणीसाठी त्याच वर्षी ३६,००० कोटींची तरतूद होती आणि तुमच्या यादीत तिचा उल्लेखही नाही. योजना हवी की नको यावर इथे भांडण नको. पण मोठ्या आकड्याला हात न लावता गाड्या आणि सत्कारांवर बोलणं मला पटत नाही.

तरीही लहान सूचना पाठवाव्यात, या मताचा मी आहे. फक्त त्या अडकतात कुठे हे कळलं पाहिजे. मला ते ज्या कार्यालयाने शिकवलं त्याचं नाव घेत नाही.

आमच्या तालुक्यात एक सरकारी कार्यालय खासगी इमारतीत भाड्याने बसतं. हाकेच्या अंतरावर सरकारचीच इमारत कुलूपबंद पडून आहे. छत गळतं, बाकी ठणठणीत. दुरुस्त करा आणि तिकडे जा, पाच-सहा वर्षांच्या भाड्यात खर्च वसूल होईल, एवढंच मी लिहिलं होतं. कार्यालय म्हणालं, भाडं मंजूर तरतुदीतून नियमानुसार दिलं जातं, दुरुस्ती हा आमचा विषय नाही. बांधकामवाले म्हणाले, त्या इमारतीसाठी कुणाची मागणीच आलेली नाही. मग मागणी करा ना, म्हणून पुन्हा पहिल्या दारात गेलो, तर ‘वरिष्ठांचे निर्देश नाहीत’. भाडेकरार माहिती अधिकारात मागितला, तर ‘माहिती वरिष्ठ कार्यालयात आहे’ असं लिहून अर्जच परत! कलम ६(३) नुसार तो अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचंच काम होतं. शेवटी पहिल्या अपिलात करार मिळाला. इमारत अजून बंदच आहे.

कुणी पैसे खात होतं असं माझं म्हणणं नाही, तसा पुरावाही नाही. गोम वेगळीच आहे. भाडं जातं त्या कार्यालयाच्या ‘१४ - भाडेपट्टी व कर’ या उद्दिष्टातून, म्हणजे खर्चाच्या प्रकारातून. दुरुस्ती निघते सार्वजनिक बांधकामच्या २०५९ या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या ठरलेल्या खात्यातून. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. आणि ज्याची बचत होणार, त्याची पुढच्या वर्षीची तरतूद कमी होणार. मग फाईल हलवायची कुणी आणि कशाला? मार्चअखेरीला तर उरलेला निधी परत जाऊ नये म्हणून बिलं काढायची झुंबड असते. तिथे बचतीची भाषा कोण ऐकणार?

म्हणून माझ्या मते सूचना नुसती ‘वित्त विभाग, मंत्रालय’ अशी पाठवू नका. खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली पडतो ते आधी शोधा. अर्थसंकल्पाची प्रकाशनं आणि बीम्सचे, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीचे, अहवाल संकेतस्थळावर बघायला मिळतात. किचकट आहेत, दोन संध्याकाळी जातील. मग त्या प्रशासकीय विभागाच्या सचिवांना लिहा आणि दोन शीर्षं गुंतलेली असतील तर दोन्ही विभागांना एकच पत्र, एकमेकांना प्रत दिल्याचा उल्लेख करून. ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणायची सोय तेवढी कमी होते. एका पत्रात एकच सूचना. आणि वेळ सांभाळा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात, पण विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होतात. फेब्रुवारीत पाठवलेली सूचना त्या वर्षापुरती गेलीच म्हणा. मी गणपती उरकले की पाठवतो.

जाता जाता, माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. तुमच्या लिखाणाची लांबी बघून सांगतोय, रागावू नका. प्रत्यक्ष दिलात तर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.

आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा मुद्दा यादीतून काढा. तो नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातला खर्च आहे. तो ठेवलात तर त्याच्या आडून अख्खं पत्र नगरपालिकेकडे वर्ग होईल.