बोलण्याखालचा सूर

प्रिय बेटा,

तू पार्श्वसंगीत देऊन पाठवलेली क्लिप काल तीनदा ऐकली. बाप धानाचे पैसे मोजतो आहे, पोरगी त्याला काही विचारते आहे, आणि खाली बासरी, व्हायोलिन, तबला, वर पुन्हा बासरी. चाल तुझी सुरेख आहे, आणि ती तुझीच आहे, याचा मला फार आनंद झाला. पण पोरगी काय विचारते, ते मला तिसऱ्या खेपेला कळलं. बासरी माणसाच्या आवाजाच्या आसपासच फिरते, म्हणून ती शब्दांवर बसली. तिथे खालचा एक लांब सूर पुरला असता.

मुंबईत कुठला क्लास लावू, असं तू विचारलंस. मुंबईला जावं लागेलच. पण नाटकांचं वडसा गाव तुझ्या घराजवळ असताना आधी तिकडे जा. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर चालतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन बसलेली माणसं तिथे पार्श्वसंगीतच देत असतात, आणि त्यांना रीटेक नसतो.

मी तुझ्याएवढा असताना एका म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याच्या बाजूला बसायचो. नायिका लेकराला सोडून निघाली की हा एकच सूर धरून ठेवायचा. तिचा आवाज फाटला की बोटं उचलायचा. पाय मात्र भात्यावर चालूच. त्या भात्याची हलकी फुसफुस मला अजून ऐकू येते. थंडीत घोंगड्या पांघरून बसलेल्या बाया तेव्हाच पदर डोळ्याला लावायच्या. मुंबईत पहिल्याच मालिकेत मी हे विसरलो. आई रडते त्या प्रसंगात चाळीस सेकंद व्हायोलिनं भरली. दिग्दर्शकानं माझ्यासमोर ट्रॅक बंद केला, आणि प्रसंग उभा राहिला.

हिशेबही शिक. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, सिनेमाला 24. टीव्हीसाठी मिनिटाला 75 मात्रांचा टेम्पो घेतलास तर एक मात्रा बरोबर 20 फ्रेमची होते, सिनेमाला तेच गणित 72 वर बसतं. चौथ्या सेकंदाला दार आपटत असेल, तर 75 वर बरोबर पाच मात्रा मोजून होतात तेव्हा. एडिटरला आधी फ्रेमरेट विचार, मग पेटीला हात लाव. फाइल 48 किलोहर्ट्झला दे, आणि ताल, सूर, इफेक्ट वेगवेगळे काढून दे. मिक्सिंगवाल्याला बासरी तेवढी कमी करायची असते, तेव्हा सगळं एकत्र असेल तर तो पूर्ण संगीतच खाली ओढतो.

आता कागदाचं. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी न वाचता सही केली. क्यू शीटवर, म्हणजे वाजलेल्या संगीताच्या यादीवर, माझं नावच नव्हतं, आणि ते मला दोन वर्षांनी कळलं. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमागृहात चित्रपटासोबत वाजतं ते सोडून बाकी वापराच्या रॉयल्टीत संगीतकाराचा वाटा असतो, आणि तो कोणी सहीवर काढून घेऊ शकत नाही. पण कुठला तुकडा किती सेकंद वाजला आणि कोणाचा, हे क्यू शीटवर लिहिलेलं हवं. ते तू स्वतः लिहून दे. आयपीआरएस, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सदस्यत्व पहिलं काम मिळताच घे. यात लाजू नको, बेटा. बांधीतलं धान मोजून घेतोसच ना?

क्लिप पुन्हा कर, फक्त एका सुरावर. लाईन गेली तर मोबाइलवर कर, चालेल. मी मंडईला, आपल्या गावच्या जत्रेला, येतो आहे. रात्री नाटकाला जाऊ, ऑर्गनवाल्याच्या अगदी बाजूला बसू. वही आण, आणि घोंगडी.

तुझा,
काका