निविदेच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सरकारी खरेदी सुधारणेच्या कामावर तुझी नेमणूक झाली आणि पहिल्याच दिवशी ई-निविदा पोर्टलची फाइल हातात आली, हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं. लोकांना हे खातं रुक्ष वाटतं. पण ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांत सरकारी खरेदी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १२-१३ टक्क्यांच्या घरात जाते.

पोर्टल हवंच. दक्षिण कोरियाने २००२ मध्ये सगळ्या सरकारी संस्थांच्या निविदा एका जागी आणल्या; पुरवठादाराने एकदा नोंदणी केली की दारोदार कागदपत्रं द्यायला नकोत. युक्रेनने २०१६ पासून ‘प्रोझोरो’ हे आपलं ई-निविदा पोर्टल सक्तीचं केलं. लिलाव संपला की हरलेल्यांच्या बोलीही तिथे कुणालाही पाहता येतात. इतर सरकारं पोर्टलची नक्कल आनंदाने करतात, मात्र हा भाग सोयीस्करपणे विसरतात. आणि जुनेच नमुने, जुन्याच सह्या स्कॅन करून चढवायच्या असतील, तर बदलला तो फक्त टपालाचा खर्च.

तुझा खरा वेळ जायला हवा तो निविदा निघण्याआधी. निविदेतला वस्तूचा तपशील कुठून येतो, हे एकदा शोधून बघ. बहुतेक वेळा तो मागच्या निविदेतून उचललेला असतो, नाहीतर एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून. मोजमापं माहितीपत्रकातली असली की स्पर्धा तिथेच संपते. पुढची सगळी प्रक्रिया नियमानुसार होते आणि ऑडिटलाही काही सापडत नाही. म्हणून वस्तूचं वर्णन कमी आणि तिच्याकडून हवं असलेलं काम जास्त लिही. ‘अमुक क्षमतेचे प्रिंटर’ असं मागण्याऐवजी महिन्याला किती पानं छापून हवीत आणि बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा, ते माग. हे टेबलावर बसून ठरत नाही. रुग्णालयाची खरेदी असेल तर नर्सशी आणि भांडारपालाशी बोल. पुरवठादारांशीही बोल! नवे अधिकारी याला फार घाबरतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात बाजाराशी अशा पूर्वचर्चेला स्पष्ट मुभा आहे. स्पर्धेला बाधा येता कामा नये आणि भेदभाव किंवा लपवाछपवी होता कामा नये, एवढी अट आहे. एकाला सांगितलेलं सगळ्यांना लेखी कळव, म्हणजे झालं.

सर्वात कमी दराचा मोह होईल, कारण तो टिप्पणीत मांडायला सोपा असतो. यंत्राची वीज, सुटे भाग आणि शेवटची विल्हेवाट यांचा खर्च धरून तुलना कर. गुणवत्तेला गुण द्यायचे असतील, तर ते कसे देणार हे निविदेतच छापलेलं असू दे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अवाढव्य कंत्राट टाळ. अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं. त्यावर डझनावारी कंत्राटदार काम करत होते आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती फक्त सहा जणांची. काम लहान तुकड्यांत दे, प्रत्येक तुकडा चालवून बघ, मगच पुढचा.

एखाद्या निविदेला एकच बोली आली, तर लगेच फेरनिविदा काढू नकोस. ज्यांनी कागदपत्रं डाउनलोड केली पण बोली भरली नाही, त्यांना आधी फोन कर. कुणी अनामत रकमेचं सांगेल, कुणी उलाढालीच्या अटीचं. बरेच जण सांगतील की बिलं वेळेवर निघत नाहीत. या उशिराचं व्याज पुढच्या बोलीच्या दरात मिसळून आपल्याकडेच परत येतं, आणि ज्यांना ते पेलत नाही ते लहान पुरवठादार फिरकतच नाहीत.

तेव्हा पोर्टलच्या आराखड्यात आत्ताच दोन रकाने घालून घे: बिल मिळाल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख. दोन्ही जनतेला दिसतील असे. आराखडा मंजूर झाल्यावर लेखा विभाग ते घालू देणार नाही.

कळावे.