वेगवेगळ्या वांशिक गटांतील किशोरांची सावरण्याची क्षमता एकाच प्रश्नावलीने मोजता येते का?

मोजता येते, परंतु गुणांची तुलना करण्यापूर्वी ती प्रश्नावली प्रत्येक गटात तेच मोजते आहे, हे सिद्ध करावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेली कॉनर-डेव्हिडसन मापनी २५ विधानांची असून ती मुळात प्रौढांसाठी तयार झाली आणि तिचा भर व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर आहे. याउलट मायकेल उंगर आणि लिंडा लीबेनबर्ग यांची सीवायआरएम-२८ ही बालक व युवकांच्या सावरण्याच्या क्षमतेची २८ विधानांची मापनी ११ देशांतील १४ समुदायांमधील तरुणांच्या सहभागातून घडली व तीत कुटुंब, समुदाय आणि संस्कृती यांचा आधारही मोजला जातो. किशोरांसाठी मला तीच अधिक न्याय्य वाटते.

तरीही केवळ भाषांतर पुरेसे नाही. ‘मी अडचणी स्वतः सोडवतो’ हे विधान एका घरात बळाचे लक्षण ठरेल, तर जिथे वडीलधाऱ्यांचा सल्ला घेणे हीच समज मानली जाते तिथे एकटेपणाचे. म्हणून आधी काही मुलामुलींना प्रत्येक विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. नंतर बहुगट घटक विश्लेषणाने, म्हणजे सर्व गटांची उत्तरे एकत्र ताडून पाहणाऱ्या सांख्यिकीय पद्धतीने, रचना (कोणती विधाने एकत्र जातात), घटकभार (प्रत्येक विधान त्या क्षमतेशी किती घट्ट जोडलेले आहे) आणि छेद (क्षमता सारखीच असताना विधानाला मिळणारे पायाभूत गुण) गटागटांत समान आहेत का, हे क्रमाने तपासावे. छेद समान नसतील तर सरासरींची तुलना करू नये, कारण मग एखाद्या गटातील मुले विनाकारण ‘कमकुवत’ ठरवली जाण्याचा धोका असतो.