13 लाखांचं पॅकेज पण दोन वर्षांचा बाँड, ऑफर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सध्या बाणेरला साडेनऊ लाखांवर आहात, हातात 67 हजार येतात, तिथं 4 वर्षं 5 महिने झालेत, आणि आता खराडीच्या कंपनीनं 13 लाख ऑफर केलेत. त्यात एक लाख जॉइनिंग बोनस, दीड लाख व्हेरिएबल (म्हणजे कामगिरीवर मिळणारा, खात्री नसलेला भाग), दोन वर्षांचा बाँड (तेवढा काळ सोडायचं नाही असा करार) आणि मोडला तर दोन लाख भरायचे, नोटीस 90 दिवस. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

मी पुण्यातच एका कंपनीत पेरोल आणि फुल अँड फायनल बघते, म्हणजे माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचा शेवटचा हिशोब माझ्याकडे येतो. त्यामुळं ऑफर लेटर मी कायम मागच्या पानापासून वाचते, सोडताना काय होणार ते आधी आणि पगाराचा आकडा नंतर. तुम्हीही तसंच वाचा असं अगदी मनापासून सांगते.

पण तुमचा सगळा जीव त्या 13 वर अडकलाय म्हणून आधी तेच बघू. बोनस आणि व्हेरिएबल काढलं की राहिले साडेदहा लाख. बेसिक, म्हणजे मूळ पगार, त्याच्या निम्मं धरा, सव्वापाच लाख. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 63 हजार, ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम करून सोडताना कंपनी देते ती रक्कम) 4.81 टक्क्यानं 25 हजार, मेडिक्लेमचा प्रीमियम समजा 15 हजार, हे सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चात, मोजलेलं असतं पण दर महिन्याला हातात काही येत नाही. मग तुमच्या वाट्याचा पीएफ परत 63 हजार, प्रोफेशनल टॅक्स वर्षाचे 2500. इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत इन्कम टॅक्स बसत नाही, तुम्ही त्याच्या आत आहात, म्हणजे तो प्रश्न नाही. तरी महिन्याला येतात 73 हजारांच्या आसपास. आज 67 येतायत. पीएफ महिन्याला 1800 वरच थांबवला असेल तर हातात थोडे जास्त दिसतील, म्हणून ब्रेकअप शीट, म्हणजे पगाराच्या भागांचा तक्ता, मागून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीये ते. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी लागू होते आणि तुमची 4 वर्षं 5 महिने झालीत. पाच पूर्ण केलीत आणि सध्याचं बेसिक 38 हजार धरलं तर त्याला पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच वर्षं, म्हणजे जवळजवळ एक लाख दहा हजार! ते लोक तुम्हाला जॉइनिंग बोनस देतायत एक लाख, आणि तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत घेणार (ही अट बहुतेक लेटरमध्ये असते, तुमच्यात कुठल्या पानावर आहे ते शोधा). म्हणजे बोनस बोनस म्हणून जो दिसतोय तो तुम्ही इथं सोडून जाताय त्यापेक्षा कमीच आहे. मद्रास हायकोर्टानं पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर वर्ष पूर्ण धरलंय, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, तेव्हा सध्याच्या एचआरला मेलवर विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका.

बाँडबद्दल बाहेर सर्रास सांगतात की बाँडला काही अर्थ नाही, कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर. हे अर्धं खरं आहे. कोर्ट तुम्हाला जबरदस्तीनं कामावर बसवू शकत नाही, आणि सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 पुढं टिकत नाही. पण पैशाचं वेगळं आहे. 2025 मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलचे दोन लाख योग्य ठरवले. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, प्रत्येक खासगी कंपनीला ते तसंच लागेल असं नाही, पण बिनधास्त म्हणण्यासारखं तरी नक्कीच नाही. कोरा चेक किंवा ओरिजिनल मार्कशीट मागितली तर मात्र देऊ नका, कोणीही मागू दे.

आणि हे सगळं एकत्र लागतं हो, सुटं सुटं नाही. मध्यंतरी एका मुलाचा हिशोब मी केला, आठ महिन्यांत सोडलं होतं, नोटीस 30 दिवस भरली आणि उरलेल्या 60 दिवसांची रिकव्हरी (म्हणजे त्यांचा पगार कापून घेणं), ती ग्रॉसवर म्हणजे पूर्ण पगारावर, बेसिकवर नाही, त्यात बोनस परत आणि बाँड. शीटच्या शेवटच्या ओळीत नेट पेएबल, म्हणजे शेवटी हातात येणारी रक्कम, मायनसमध्ये. तो तीनदा विचारत होता, मॅडम हे मायनस का आहे, म्हणजे मी भरायचे का? त्याला अट माहीतच नव्हती, कारण ती अपॉइंटमेंट लेटरमध्ये होती आणि ते त्याला जॉइनिंगच्या दिवशी मिळालं, जुनी नोकरी सोडून झाल्यावर. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला.

म्हणून राजीनामा द्यायच्या आधी अपॉइंटमेंट लेटरचा ड्राफ्ट मागा. देत नसतील तर तिथंच विचार थांबवा. मग मेलवर एवढं मागा: बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, नोटीस दोघांनाही सारखीच हवी (त्यांनी काढलं तर 30 आणि तुम्ही सोडलं तर 90 असं चालणार नाही), रिकव्हरी बेसिकवर, आणि ग्रॅच्युइटी बुडतेय ते सांगून फिक्स्ड (खात्रीचा पगार) किमान एक लाखानं वाढवून मागा. घाबरू नका, असं विचारल्यावर सहसा ऑफर काढून घेत नाहीत, एचआरला हे मेल रोजचे असतात. ऑफिसला किती दिवस यायचं तेही लेखी घ्या. तुम्ही वारज्यात राहता, तिथून खराडी म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं, पाच दिवस असेल तर ते सहा हजार पेट्रोलमध्ये आणि रोजच्या तीन तासांत कुठं जातील कळणार नाही.

फिक्स्ड वाढलं आणि बाँड कमी होत जाणारा झाला तर घ्या, काम तुमच्या आवडीचं आहे असं लिहिलंयत. आहे तशीच सही करा म्हणाले तर मी तुमच्या जागी पाच वर्षं पूर्ण करेन, ग्रॅच्युइटी घेईन आणि मग बाहेर बघेन. शुक्रवारची मुदत त्यांनी ठरवलीय, आठवडाभर वाढवून मागा, बहुतेक वेळा मिळते.